इंदुमावशींची रिकामी साडी

१

खुर्चीवर साडी बसली होती.

'ठेवली होती' असं लिहायला हवं, पण पाहताना तसं वाटत नव्हतं. इंदुमावशींच्या प्रार्थनेच्या खोलीत भिंतीला टेकलेली एक लाकडी खुर्ची होती. तिच्यावर त्यांची राखाडी काठाची जांभळी साडी. निऱ्या बैठकीवरून सुटून जमिनीपर्यंत आलेल्या. पदर ब्लाउजच्या उजव्या खांद्यावरून मागे, खुर्चीच्या पाठीवर गेलेला. ब्लाउजचे हुक लावलेले. मांडीच्या जागी चष्मा आणि कानाचं मशीन. खाली घरातल्या सपाता, जोडीने.

सगळं होतं. फक्त मावशी नव्हत्या.

"कोणी हात लावलाय?" मी विचारलं.

"हिंमत नाही झाली कोणाची," पास्टर आशिष म्हणाले.

आशिष पगारे म्हणजे मावशींच्या मंडळीचे, त्यांच्या लहानशा ख्रिस्ती चर्चचे पाळक. चाळिशीतला माणूस, पण त्या दुपारी साठीचा दिसत होता. मला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं ते त्यांनीच. मी पाण्याचे नमुने तपासते. जळगावहून इंदूरला नोकरीला आले, आणि स्नेहलतागंजमधल्या याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. तपास वगैरे माझा धंदा नाही.

"मला का बोलावलंत?"

"कारण तुम्ही मानत नाही."

"चमत्कार?"

"हो." ते दारातच उभे होते, खोलीत पाऊल टाकत नव्हते. "आमची श्रद्धा अशी आहे क्षितिजाजी, की जगाच्या शेवटी येणाऱ्या महासंकटाच्या आधी प्रभू आपल्या लोकांना वर, स्वर्गात घेईल. एका क्षणात. कोणी शेतात असेल, कोणी स्वयंपाकघरात. मागे उरतील ती त्यांची वस्त्रं आणि न मानणारं जग."

"आणि हे तेच आहे, असं तुम्हाला वाटतं?"

"बाबूराव काकांना वाटतं. काल सकाळी उपासनेला न्यायला ते आले, त्यांनीच हे पहिल्यांदा पाहिलं. मला फक्त भीती वाटते."

"कशाची?"

"दोन्हीची. हे खरं असेल, तर मी मागे राहिलो. मी, ज्याने लोकांना तयार करायचं होतं. आणि खोटं असेल तर त्याहून वाईट. शेवटच्या काळात खोटे चमत्कार होतील, इतके अस्सल की निवडलेले लोकही फसतील, असं आम्हीच शिकवतो. चमत्कार खोटा निघाला की तुम्ही निवांत होता. आमचं उलट आहे. खोटा चमत्कार आला म्हणजे तो कोणीतरी पाठवला, आणि तो कोणी पाठवला हे विचारावं लागतं."

घसा कोरडा पडला होता. मे महिन्याची दुपार, त्यात पंखा बंद, कारण पंख्याने साडी हलेल. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि फ्रिज उघडला.

दाराच्या कप्प्यात इन्सुलिनच्या नव्या पेनांचं खोकं होतं, सील न फोडलेलं. मी मागे वळून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी, चालू पेनही होतं.

मावशी सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी इन्सुलिन घेत. काल सकाळपासून त्या नव्हत्या. जिथे कुठे होत्या, तिथे त्या औषधाशिवाय होत्या.

२

"पहले ते बघा ना, की फायदा कोणाचा!" परेशदादा ओरडला.

परेश उजागरे हा मावशींचा एकुलता एक मुलगा. पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. बायको सुरुचीसोबत महालक्ष्मीनगरला राहतो. कालपासून दोघं इथेच होते. त्याने पोलिसांत तक्रार दिली होती, हॉस्पिटलं पालथी घातली होती आणि आता त्याला भांडायला कोणीतरी हवं होतं.

"तुला काय वाटतं, दादा?" मी विचारलं.

"वाटायचं काय त्यात? आईने बोललं होतं, माझ्यानंतर फ्लॅट मंडळीला द्यायचा. यांना हॉल पाहिजे. आणि आता बघ, पूरा इंदूर पाहायला येईल. चमत्काराचं घर!"

"मी नको म्हणालो होतो," पास्टर हळूच म्हणाले. "दोनदा."

"तोंडाने नको म्हणायला काय जातं, पास्टरजी?"

सुरुची वहिनीने नवऱ्याच्या हाताला धरून त्याला बसवलं. "तुकोगंजच्या डॉक्टरांना फोन केला होता मी," ती मला म्हणाली. "ते बोलले, एक-दोन डोस चुकले तर तहान लागेल, सुस्ती येईल. मग गुंगी. या गर्मीत थांबूच नका बोलले. पण शोधायचं कुठे, क्षितिजा? नाक्यावरच्या नमकीनवाल्याचा कॅमेरा पाहिला. साडीतली एकही बाई बाहेर गेली नाही. बाकी तोंडाला दुपट्टा बांधलेल्या मुलीच मुली. इथे तर सगळ्याच तशा फिरतात."

"दार?"

"ओढलं की आपोआप लागतं. चाबी आत खुंटीवर होती. दुसरी बाबूराव काकांकडे."

मी हे सगळं मनात मांडून पाहत होते. अपहरण म्हणावं, तर चोर साडी नेसवून बसवत नाहीत. विसरभोळेपणा म्हणावं, तर विसरभोळा माणूस हुक लावत नाही. आणि मग मला ती संध्याकाळ आठवली.

मावशी दर शनिवारी मंडळीतल्या तरुण मुलांना शिकवत. वर्षातून एक तास उलटा असे. त्या दिवशी सगळ्यांनी न मानणारं व्हायचं. मावशी म्हणायच्या, "समजा आम्ही वर घेतले गेलो. तुम्ही मागे राहिलात. आता सांगा, तुम्ही जगाला काय सांगाल?" मुलं स्पष्टीकरणं द्यायची आणि मावशी एकेक खोडून काढायच्या. या वर्षी त्यांनी मलाही खाली बोलावलं होतं. "हे सगळे खोटे नास्तिक आहेत," त्या म्हणाल्या होत्या, "एक अस्सल पाहिजे ना."

धमाल आली होती. तन्वी नावाची मुलगी म्हणाली, परग्रहावरच्यांनी नेलं. कोणी म्हणालं, विषारी वायूने माणसं विरघळली. कोणी म्हणालं, सगळ्यांना एकदम भ्रम झाला. "बोला, बोला! जगाला कारण लागतंच," मावशी टाळ्या वाजवत म्हणाल्या. "डोळ्यांदेखत समुद्र फाटला तरी लोक वाऱ्याचं नाव घेतील."

परेशदादा त्या दिवशी आईला आंबे द्यायला आला होता आणि दाराशी उभा राहून ऐकत होता. तोही काहीतरी बोलला होता आणि सगळे हसले होते. काय बोलला होता, ते मात्र मला नीट आठवेना.

"फोन कोणाकोणाचे आले?" मी वहिनीला विचारलं.

"विचारू नको. मंडळीचे, नातेवाइकांचे, पुण्याचे, नागपूरचे. सगळ्यांचं एकच, इंदुताई सापडल्या का, इंदुताई सापडल्या का. सांगून सांगून तोंड दुखलं. फक्त मानपूरच्या सुलोचना मावशी बिचाऱ्या वेगळ्या. आईंच्या शाळेतल्या मैत्रीण. त्यांना परेशचीच काळजी. दोनदा फोन आला. परेश कसा आहे, काय बोलतोय, प्रार्थना करतोय का."

"आणि करतोय?"

वहिनीने नवऱ्याकडे पाहिलं. तो उठून बाल्कनीत गेला होता.

"रात्रभर आईंच्या खोलीत बसला होता," ती कुजबुजली. "दार लावून. मी ऐकलं, तो बोलत होता. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी त्याला कधी हात जोडतानाही नाही पाहिलं."

तेवढ्यात जिन्यात काहीतरी जोरात पडल्याचा आवाज आला.

३

बाबूराव काका पडले होते. लागलं नव्हतं. त्यांनी कालपासून काही खाल्लंच नव्हतं आणि उठून उभं राहताना तोल गेला. रेल्वेतून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीतले, रोज इस्त्रीचा शर्ट घालणारे गृहस्थ. आज शर्ट कालचाच होता.

मी त्यांना पायरीवर बसवून लिंबूपाणी दिलं. ते ग्लास हातात धरून बसले.

"काका, पिऊन घ्या."

"आता कशाला, बेटा?"

"मावशी सापडतील."

"सापडतील?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांच्या दुःखाची चेष्टा केली होती. "ती गेली, बेटा. जिथे जायचं होतं तिथे. आम्ही दोघं एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेले. एकाच बाकावर बसणारे. तिला बोलावलं. मला नाही बोलावलं. का नाही बोलावलं, हे मी कालपासून शोधतोय. काय राहिलं माझं? कोणतं पाप राहिलं कबूल करायचं?"

त्यांनी ग्लास न पिताच पायरीवर बाजूला ठेवला. मला एकदम लख्ख कळलं, की या घरात जीव एकाच माणसाचा धोक्यात नाही.

"काका, चाबी तुमच्याकडे होती."

"होती ना."

"तुम्ही दार उघडलंत तेव्हा खोलीत दुसरं काही होतं?"

"काही नाही. जुन्या कपड्यांचं गाठोडं होतं कोपऱ्यात. मंडळी गरिबांना वाटते ते. आजही तिथेच आहे."

मी आत जाऊन गाठोडं पाहिलं. चादरीची गाठ एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने घाईत मारल्यासारखी सैल होती. उघडलं. वर मुलांचे शर्ट, खाली कुर्ते. एक हिरवी सलवार होती, पण तिचा कुर्ता आणि ओढणी नव्हती; ती दोन्ही कोणीतरी काढून घेतली होती. सलवारीची नाडी तुटलेली होती, म्हणून तिच्याऐवजी दुसरी घेतली असावी.

मी खुर्चीसमोर येऊन उभी राहिले आणि पहिल्यांदाच घाबरून नाही, तर नमुना पाहावा तसं त्या साडीकडे पाहिलं.

पदर उजव्या खांद्यावर होता.

"वहिनी!" मी हाक मारली. "मावशी पदर कोणत्या खांद्यावर घ्यायच्या?"

"डाव्या. आपल्यात सगळ्या तिथेच घेतात ना." वहिनी दारात आली, पाहू लागली आणि तिचा हात तोंडावर गेला. "हे तर उलटं आहे! इथे अर्ध्या बायका सीधा पल्ला घेतात, उजव्या खांद्यावर, रोज दिसतं, म्हणून लक्षातच आलं नाही. पण त्यांचा पल्ला पुढे येतो. हा तर मागे गेलाय."

"म्हणजे ही मावशींच्या अंगावरून गळून पडलेली साडी नाही. कोणीतरी ही खुर्चीवर मांडली, आणि चूक केली."

पास्टर आशिष माझ्या मागे येऊन उभे होते. त्यांनी विचारलं, "कोणी?"

साडी कधी न नेसलेल्या कोणीतरी, असं मला वाटलं. म्हणजे पुरुषाने. आणि घरात तीन पुरुष होते.

४

मी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलावलं. एक खुर्ची भिंतीला लावली आणि कपाटातून मावशींची दुसरी साडी आणि ब्लाउज काढला.

"प्रत्येकाने एकेकदा. आतमध्ये जशी आहे, तशी इथे मांडायची. आत न बघता."

"हा काय तमाशा आहे, यार?" परेशदादा म्हणाला. "तिकडे आई औषधाशिवाय मरतेय आणि तू साड्या नेसवतेस?"

"दादा, मला एवढंच येतं. एक गोष्ट बदलायची आणि काय होतं ते पाहायचं. कर ना."

त्याने रागारागाने साडी खुर्चीवर टाकली, निऱ्या कशाबशा घातल्या आणि पदर मागे फेकला. डाव्या खांद्यावर. बरोबर.

पास्टरांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला, मग मांडली. डाव्या खांद्यावर. बाबूराव काका उठले, पण निऱ्या घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. त्यांनी नुसता पदर ठेवला. डाव्या.

माझा अंदाज कोसळला होता. मी वहिनीकडे पाहिलं.

"मला नको पाहू," ती म्हणाली. "मला तर पार्लरवाली नेसवते. मी डोळे मिटून उभी असते." तरी तिने मांडली. डाव्या खांद्यावर, आणि सगळ्यांत नीटनेटकी.

"आता तू कर," परेशदादा म्हणाला. "मास्तरीण!"

मी केली. दिवाळीला आणि कॉलेजच्या कार्यक्रमांना मी नेसते तशी. आरशात बघून. निऱ्या, मग पदर. हात आपोआप गेला. मग मागे सरकून पाहिलं.

माझा पदर खुर्चीच्या उजव्या खांद्यावर होता.

माझ्या अंगावर काटा आला, आणि मग हसू आलं, आणि मग दोन्ही गेलं.

"ऐका," मी म्हणाले. "तुम्ही चौघांनी आयुष्यभर साडी नेसलेल्या बाईला समोरून पाहिलंय. आई, बहीण, शिक्षिका. समोरून पाहिलं की तिचा डावा खांदा तुमच्या उजवीकडे येतो. तुम्ही पदर तिथेच ठेवला. मी मात्र साडी नेसताना समोर बघते ती आरशात. आरशात माझा डावा खांदा माझ्या डावीकडेच दिसतो. खुर्चीला मी आरसा समजले. माझ्या डावीकडे म्हणजे खुर्चीत बसलेल्या बाईच्या उजवीकडे. चूक पुरुषाची नाही. रोज आरशासमोर साडी नेसणाऱ्या बाईची आहे. नमुना लहान आहे, मला मान्य आहे. पण या घरात अशी बाई एकच होती."

"आई?" परेशदादा खाली बसला.

"मावशींनी गाठोड्यातले कपडे घातले, तोंडाला दुपट्टा बांधला आणि कॅमेऱ्यासमोरून त्या चालत गेल्या. त्यांना सलवार-कुर्त्यात कोणी कधी पाहिलंच नव्हतं."

"पण का?" वहिनी म्हणाली. "आणि इन्सुलिन? पळून जाणारा माणूस औषध तर घेऊन जाईल ना?"

परेशदादाने चेहरा दोन्ही हातांत झाकला. "मी बोललो होतो," तो बोटांमागून म्हणाला. "त्या दिवशी. आंबे घेऊन आलो तेव्हा. मी म्हणालो, कपडे कोणीपण ठेवेल आई, चष्मा पण ठेवेल. इन्सुलिन ठेवून गेलीस तर मानीन."

आता मला आठवलं. त्यावरच सगळे हसले होते. मावशी सोडून.

पास्टर आशिष भिंतीला टेकले. "मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं. खोटं बोलून एखाद्याचं तारण होत असेल, त्याचा आत्मा वाचत असेल, तर बोलावं का? मला वाटलं, शिकवण्यासाठी विचारतायत. मी म्हणालो, नाही. त्या 'बरं' म्हणाल्या."

"तुम्ही हे आत्ता सांगताय?" परेशदादा उसळला.

"विश्वासात विचारलं होतं, परेशजी."

"दादा, भांडू नका," मी म्हणाले. "वेळ नाहीये. मावशींनी हे तुझ्यासाठी केलं. मग तुझ्यावर परिणाम झाला की नाही, हे त्यांना कळायला हवं. त्यांना कोणीतरी सांगायला हवं. कालपासून सगळी दुनिया विचारतेय, की इंदुताई सापडल्या का. एकाच बाईने हे विचारलं नाही. तिला फक्त तू प्रार्थना करतोस की नाही, हे हवं होतं."

वहिनीने फोन केव्हाच कानाला लावला होता. आम्ही सगळे तिच्याकडे पाहत राहिलो.

"मानपूर," ती म्हणाली. "सुलोचना मावशी उचलत नाहीयेत."

५

गाडी मी चालवली, कारण परेशदादा रात्रभर झोपला नव्हता. वहिनी शेजारी बसून पुन्हा पुन्हा फोन लावत होती; मागे परेशदादा आणि पास्टर आशिष. इन्सुलिन बर्फाच्या डब्यात. बाबूराव काकांना तन्वीच्या घरच्यांनी सांभाळायला घेतलं होतं. राऊ गेलं, महू गेलं. ट्रकांच्या मागे मागे आम्ही घाटाच्या दिशेने जात होतो. मागून परेशदादाने वहिनीला विचारलं, "रात्री सुलोचना मावशीला तूच सांगितलंस ना, मी खोलीत बसलो होतो म्हणून?"

"हो," वहिनी म्हणाली. तिला त्याचा अर्थ तेव्हा कळला. "अरे देवा. म्हणून आई तिथेच थांबल्या."

मानपूरला हायवेच्या मागे, टायरच्या दुकानांच्या गल्लीत सुलोचना मावशींचं घर होतं. त्या दारातच होत्या, हातात ओला टॉवेल.

"मी तुम्हालाच फोन करणार होते! मोबाईल आत राहिला, बाजूवाल्यांकडे गाडी विचारायला गेले होते. सकाळपासून पाणी मागते आणि झोपते. मी विचारलं, औषध? म्हणाली, घेतलं."

मावशी खाटेवर होत्या. हिरव्या कुर्त्यात त्या इतक्या लहान दिसत होत्या की मी क्षणभर ओळखलंच नाही. ओठ फुटलेले. वहिनीने बोट टोचून साखर पाहिली. यंत्राने आकडा दाखवला नाही, फार जास्त झाली की दाखवतं ती दोन इंग्रजी अक्षरं तेवढी दाखवली. तिने लगेच तुकोगंजच्या डॉक्टरांना फोन लावला. "एक डोस द्यायला सांगतायत, आणि लगेच महूच्या हॉस्पिटलला," ती म्हणाली आणि पेनला सुई लावली.

मावशींनी हात पोटावर आडवा धरला.

"नको."

"आई!"

"तू का आलास?" त्यांचा आवाज कोरड्या पानासारखा होता. "आता सगळं फुकट गेलं. तू रात्री प्रार्थना केलीस ना? सुलोचनाने सांगितलं. मी परत आले की सोडशील. मला माहितीये तुला."

"तू मेलीस तर काय करू मी त्या प्रार्थनेचं?"

"काय म्हणतोस?" त्यांना ऐकू येत नव्हतं. मशीन खुर्चीवरच राहिलं होतं.

परेशदादाला ओरडावं लागलं. टायरवाले काम सोडून खिडकीशी आले. माणूस ज्या गोष्टी स्वतःशीही मोठ्याने बोलत नाही, त्या तो मानपूरच्या गल्लीत ओरडून सांगत होता.

"मी काय मागितलं ते तुला माहीत आहे? मी म्हटलं, देवा, तू असशील तर हिला नेलेलं नसू दे! हा चमत्कार खोटा निघू दे! ही कुठेतरी लपलेली असू दे, वेडी झालेली असू दे, माझ्यावर रागावून गेलेली असू दे, काहीही असू दे, पण इथे, जमिनीवर असू दे! आयुष्यात पहिल्यांदा मागितलं, आई. आणि तू सापडलीस."

मावशींची नजर माझ्याकडे वळली.

"कसं शोधलंस गं?"

मी जवळ जाऊन, कानाशी तोंड नेऊन सांगितलं. पदराचं. आरशाचं. फोनचं. त्यांना चुकीचा खांदा ऐकून बारीक हसूही आलं.

"मग यात प्रार्थनेचं काय आहे?" त्या मुलाला म्हणाल्या. "या पोरीने डोकं चालवलं. सुलोचनाने मूर्खासारखा फोन केला. सगळ्याला कारण आहे. तू उगीच..."

त्या थांबल्या.

पास्टर आशिष चौकटीशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. 'सगळ्याला कारण आहे' हे वाक्य खरं तर माझं होतं, मी रोज याच्याच जोरावर नमुने तपासते, आणि तरी त्या खाटेवरून ते ऐकताना मला 'हो' म्हणवेना.

मावशींचे डोळे मिटले होते. पापण्यांखाली बुबुळं हलताना दिसत होती.

"काय मागितलंस म्हणालास?" त्यांनी विचारलं. "नसू दे म्हणालास?"

"हो."

"असं कोणी मागतं का रे."

"मी मागितलं."

त्यांनी पोटावरचा हात बाजूला घेतला आणि कुर्त्याची कड वर केली. "दे," त्या सुरुचीला म्हणाल्या. मग मुलाला, "तू इकडे ये. परत सांग. पण ओरडू नको."

तो खाटेशी गुडघ्यांवर बसला आणि त्यांच्या कानाशी झुकला. मी आणि पास्टर बाहेर आलो, खिडकीवरच्या लोकांना हटवलं. पास्टरांनी बाबूराव काकांना फोन लावला. "काका, सापडल्या. इथेच आहेत, मानपूरला. नाही, कोणी वर गेलेलं नाही. नाही काका, तुम्ही मागे राहिला नाहीत. आधी काहीतरी खाऊन घ्या."

ते पलीकडचं ऐकत राहिले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"देवाचे आभार मानतायत," ते म्हणाले. "प्रभू अजून न आल्याबद्दल." त्यांनी फोन खिशात ठेवला, डोळे पुसले आणि मावशींना उचलायला माझ्याबरोबर आत आले.